प्लग काळे, पण दुखणं थर्मोस्टॅटचं : एका पिकअप ट्रकचं प्रकरण

सकाळच्या पहिल्या स्टार्टला ट्रक थरथरायचा. एक सिलिंडर मागे पडल्यासारखा तुटक आवाज यायचा, ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर दम खायची आणि मगच उचलायची. दहा-पंधरा मिनिटं चालली की त्रास कमी व्हायचा, पण पूर्ण जायचा नाही. पेट्रोलही नेहमीपेक्षा जास्त लागत होतं.

ट्रक म्हणजे पेट्रोलवरचा चार सिलिंडरचा पिकअप, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी जोरदार वीज पुरवणारी) असलेला. (डिझेल ट्रकला स्पार्क प्लग नसतातच, त्यामुळे खाली प्लगबद्दल जे लिहिलंय ते पेट्रोल इंजिनापुरतं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, तिचं मात्र दोन्हींना लागू आहे. आणि कूलंट म्हणजे इंजिनात फिरणारं, ते थंड ठेवणारं पाण्याचं मिश्रण.)

याच तक्रारीवर वर्षभरापूर्वी एका वर्कशॉपमध्ये चारही प्लग बदलून झाले होते. त्यानंतर दोन-अडीच महिने गाडी छान चालली आणि मग पुन्हा तेच सुरू झालं. दुसऱ्यांदा तीच तक्रार आल्यावर नुसते प्लग बदलणं मला पटेना. चांगल्या कंपनीचे, योग्य नंबरचे प्लग ९,००० किलोमीटरमध्ये निकामी होत असतील, तर ते आपोआप होत नाहीत. त्यांना कुणीतरी निकामी करतंय. ते कोण, हे शोधण्यातच या कामाचा निम्म्याहून जास्त वेळ गेला, आणि तो वेळ सगळ्यात सत्कारणी लागला असं मला वाटतं. पाने हातात घेतल्यानंतरचं काम एका दिवसाचंच होतं.

दोन कोड, आणि नजर एकावरच

गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तेव्हा दोन कोड साठलेले दिसले. एक पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. दुसरा पी०१२८, म्हणजे कूलंटचं तापमान थर्मोस्टॅटने राखायला हवं त्या पातळीपर्यंत पोचत नाही. गाडी मिसिंग करते ही तक्रार घेऊन बसलेल्या माणसाची नजर पहिल्या कोडवरच जाते. दुसरा कोड बिनमहत्त्वाचा वाटतो, कारण इंजिन गरम होत नाही ही कुणाला तक्रारच वाटत नाही. काटा खाली आहे म्हणजे बरंच आहे, असं आपण धरून चालतो. मीही कित्येक महिने तसंच धरून चाललो होतो.

माझा पुतण्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, "काका, मिसिंग तर प्लगचं आहे ना? मग पाण्याकडे कशाला बघायचं?"

"प्लगचं आहे हे खरं," मी म्हणालो, "पण गेल्या वर्षीही प्लगचंच होतं."

मग स्कॅनर लावलेला ठेवूनच आम्ही फेरी मारली. इंजिन रात्रभर गार झालेलं, सुरुवातीला आकडा २३ अंश सेल्सिअस. पंधरा मिनिटांनी ६८. मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला तर तापमान वाढायच्या ऐवजी ६१ वर उतरलं. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलं तेव्हा हळूहळू ७४ पर्यंत चढलं. पुन्हा निघालो, पुन्हा उतरलं.

हा चढ-उतार फार बोलका असतो. थर्मोस्टॅट नीट असेल तर गाडी उभी असो की पळत असो, तापमान एका अरुंद पट्ट्यात राहतं. वारा लागला की तापमान पडतं याचा अर्थ रेडिएटरकडची वाट कायम उघडी आहे आणि गार झालेलं कूलंट सतत इंजिनात येतंय. गाडी उभी राहिली की वारा थांबतो, म्हणून आकडा वर सरकतो.

तरी लगेच पाना उचलला नाही, कारण सेन्सरच खोटं बोलत असण्याची शक्यता होती. ती दोन बाजूंनी तपासली. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंटचा सेन्सर आणि इंजिनात येणाऱ्या हवेचा सेन्सर यांचे आकडे जवळजवळ सारखेच यायला हवेत. इथे २३ आणि २४ होते. गरम बाजूची खात्री इन्फ्रारेड थर्मामीटरने केली. आमच्या थर्मोस्टॅटचं झाकण चकचकीत ॲल्युमिनियमचं होतं आणि चकचकीत धातूवर हे थर्मामीटर फसतं, म्हणून त्यावर काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावून तिथला आकडा घेतला. स्कॅनर ६६ सांगत होता, पट्टीवर ६४ आले. सेन्सर खरं बोलत होता.

उरली हाताची परीक्षा. ती कुणीही, कुठल्याही उपकरणाशिवाय करू शकतो. गार इंजिन सुरू करायचं आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपवर पंखा व पट्ट्यापासून दूर हात ठेवायचा. थर्मोस्टॅट नीट असेल तर पाइप बराच वेळ गारच राहतो आणि झडप उघडली की थोड्या वेळात एकदम तापतो. आमचा पाइप तिसऱ्या मिनिटापासून कोमट व्हायला लागला. झडप मिटतच नव्हती.

एक गोष्ट मात्र मला अस्वस्थ करत होती. तेल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मळकट पांढरा, मऊ थर धरलेला होता. असा थर दिसला की पहिली शंका हेड गॅस्केटची येते (इंजिनाच्या हेडखालचं हे पॅकिंग फुटलं की कूलंट तेलात मिसळतं), आणि ती खरी असेल तर हे घरी करायचं काम उरत नाही. पण डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ होतं, कूलंटची पातळी महिनोन्‌महिने हललेली नव्हती, आणि इंजिन चालू असताना कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत नव्हते. इंजिन पुरतं तापत नसलं की तेलातली वाफ उडून जात नाही आणि सगळ्यात गार जागी, म्हणजे झाकणाखाली, तेलात मिसळून साचते. डिपस्टिकला पेट्रोलचा वासही येत होता. म्हणजे हाही गारठ्याचाच पुरावा निघाला, आणि कामाच्या यादीत तेल बदलणं वाढलं.

गार इंजिन प्लगला काय करतं

इंजिन गार आहे असं ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, दिसलं की तो पेट्रोल जास्त सोडतो, कारण गार भिंतींवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही. सुरुवातीच्या काही मिनिटांसाठी हे बरोबरच आहे. पण थर्मोस्टॅट उघडा अडकला की ही काही मिनिटं संपतच नाहीत. हवा-पेट्रोलचं मिश्रण गरजेपेक्षा जाड, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, राहतं आणि न जळलेल्या कार्बनची काजळी धरते.

प्लगला ही काजळी स्वतः जाळून टाकता येते, फक्त त्याचं टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर तापलं पाहिजे. त्याखाली टोक राहिलं की काजळी साचत जाते. (वरची मर्यादाही असते, टोक ८००-८५० च्या पुढे गेलं की ठिणगीआधीच मिश्रण पेटायचा धोका.) हा ट्रक बहुतेक वेळा जवळच्या फेऱ्याच करतो. जाड मिश्रण, गार इंजिन आणि छोट्या फेऱ्या, तिन्ही एकत्र आल्यावर प्लगचं टोक स्वच्छ राहणार कसं?

काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते. पांढऱ्या चिनीमातीच्या नाकावर काजळीचा थर चढला की विजेला फटीवरून उडी मारायची गरजच उरत नाही. ती काजळीवरून सरपटत प्लगच्या अंगाला जाऊन मिळते. ठिणगी दुबळी होते किंवा पडतच नाही. तेच आपलं मिसिंग. प्लग बदलले की स्वच्छ नाक मिळतं, दोन महिने बरे जातात, आणि काजळी पुन्हा धरते. गेल्या वर्षीचा इलाज म्हणजे दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला असा झाला होता.

प्लग आधी, पाणी नंतर

कुठलं काम आधी करायचं यावर मी विचार केला होता. या इंजिनात थर्मोस्टॅटचं झाकण पहिल्या कॉइलच्या अगदी पुढ्यात आहे. आधी तिथे हात घातला असता तर सांडलेलं कूलंट प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग ज्या खोल भोकाच्या तळाशी बसतो त्यात, गेलं असतं आणि प्लग काढल्यावर थेट सिलिंडरमध्ये. म्हणून आधी प्लग आणि ते पूर्ण बसवून झाल्यावर पाणी, असा क्रम ठरवला. दोन्ही कामं रात्रभर गार झालेल्या इंजिनावरच. गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढला तर आटे ओढले जाऊ शकतात, आणि गरम रेडिएटर उघडणं म्हणजे तर अंगावर उकळी ओढवून घेणं.

कॉइलच्या कनेक्टरची खटकी उष्णतेने ठिसूळ झालेली असते, ती ओढायची नाही. दाबून, किंचित आत ढकलून मग बाहेर. कॉइल उचलण्याआधी डावी-उजवीकडे थोडी फिरवून रबर मोकळं केलं. नंतर विहिरीत हवा मारली, गोटीने (सॉकेट पान्याने) प्लग फक्त पाव फेरा सैल केला, आणि पुन्हा हवा मारली. ही दुसरी हवा बरेच जण मारत नाहीत. पहिल्या वेळी प्लगच्या बुडाशी घट्ट बसलेली वाळू पाव फेऱ्यानंतर मोकळी होते, आणि ती सिलिंडरमध्ये गेलेली कुणालाच परवडत नाही. डोळ्यांवर चष्मा लावूनच हे करायचं.

एकेक प्लग काढून क्रमाने पुठ्ठ्यावर मांडला. चारही काळे, कोरड्या, मखमलीसारख्या काजळीचे. बोट लावलं की बोट काळं. तिसरा सगळ्यात वाईट होता. त्याचं नाक आतपर्यंत भरलेलं. पण मला जास्त महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. इलेक्ट्रोडच्या कडा अजून धारदार होत्या. फट मोजली तर १.०५ मिलिमीटर, नव्या प्लगची ठरलेली फट १.०. म्हणजे प्लग झिजलेले नव्हतेच. वयाने मेलेल्या प्लगच्या कडा गोल होतात आणि फट वाढते. हे प्लग तरुण होते, फक्त गुदमरले होते. मल्टिमीटरची एक तार टोकाला आणि दुसरी अंगाला लावली तेव्हा तिसऱ्या प्लगवर आकडा उमटला, जिथे काहीच उमटायला नको. नवा प्लग तसाच लावून बघितला, मीटर गप्प राहिला.

हे प्लग साफ करून पुन्हा वापरावेत का? खरं तर थर्मोस्टॅट दुरुस्त झाल्यावर सौम्य काजळी आपोआप जळून गेली असती. पण टोक इरिडियमचं आहे, त्यावर तारेचा ब्रश चालवणं मला मान्य नाही. बारीक टोक मोडतं आणि ब्रशचा धातू चिनीमातीवर रेघा ओढून ठेवतो, त्या रेघांवरूनही वीज सरपटते. म्हणून नवेच बसवले.

चौथ्या विहिरीत एक वेगळीच गोष्ट सापडली. प्लगच्या वरच्या भागावर तेल होतं आणि कॉइलचं रबर फुगलेलं. प्लगच्या टोकावर मात्र तेल नव्हतं. तेल सिलिंडरमधून वर आलेलं नसून टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या) सीलमधून खाली उतरलेलं होतं. तेल वर आहे की टोकाला आहे, एवढ्या एका निरीक्षणावर साध्या पॅकिंगचं काम आणि रिंग-पिस्टनचं काम यांतला फरक कळतो. विहीर पुसून कोरडी केली, रबर बदललं, आणि कव्हरचं पॅकिंग पुढच्या कामात धरलं.

नव्या चार प्लगपैकी तिघांची फट बरोबर १.० निघाली आणि एकाची ०.८. खोक्यात कुठेतरी आपटला असावा. मधल्या इरिडियमच्या टोकाला न टेकता, फक्त बाहेरची वाकडी पट्टी अलगद उचलून तो १.० वर आणला. डब्यातून काढलेला प्लग मापात असेलच असं धरू नये.

बसवताना प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा खोचला आणि नळी बोटांनी फिरवत प्लग आट्यात सोडला. आटे तिरके लागले तर नळी हातात नुसती फिरते, प्लग जोर खात नाही, आणि आपल्याला लगेच कळतं. गोटी-रॅचेटने सुरुवात केली तर तिरका लागलेला प्लगही खुशाल आत जातो, हेडचे आटे कापत. १४ मिलिमीटर आट्याचा, वॉशर असलेला प्लग ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटरने आवळतात. टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळणारा) नसेल तर हाताने पूर्ण बसल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बसणीच्या प्लगला हाच हिशेब लावू नका; त्याला फेऱ्याचा सोळावा भाग पुरतो. आट्यांना ग्रीस मी लावलं नाही. आजच्या बहुतेक प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो, आणि वर वंगण लावलं की तेवढ्याच टॉर्कला प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. कॉइलच्या रबराच्या आतल्या कडेला मात्र सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहू देणारं, ग्रीस बोटभर फिरवलं.

थर्मोस्टॅट

रेडिएटरच्या बुडाची तोटी उघडून कूलंटची पातळी थर्मोस्टॅटच्या झाकणाच्या खाली येईल इतपत काढलं आणि मापाच्या भांड्यात मोजलं: ३.१ लिटर. हे माप पुढे फार उपयोगी पडलं. भांड्यावर लगेच झाकण ठेवलं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि जनावरांना व मुलांना ते जिवावर बेतू शकतं. गटारात किंवा मातीत ओतायचं नाही.

झाकणाला दोन ६ मिलिमीटरचे बोल्ट. पहिला 'कट्' आवाज करून सुटला. दुसरा सुटेना. सुटणारा बोल्ट झटका देतो. हा झटका न देता पीळ खात होता, पान्याला रबरासारखी लवचीक जाणीव येत होती. ही जाणीव आली की हात तिथेच थांबला पाहिजे, कारण यानंतर बोल्टचं डोकं हातात येतं आणि उरलेला बोल्ट इंजिनात राहतो. गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास तसाच ठेवला. मग आधी किंचित आवळला, मग किंचित सैल केला, पुन्हा तेल, पुन्हा आवळ-सैल. आठ-दहा वेळा असं केल्यावर बाहेर आला, आट्यांत पांढरी पूड भरलेला. ॲल्युमिनियमचा गंज असाच पांढरा असतो.

झाकण उचललं आणि थर्मोस्टॅट हातात आला. आकाशाकडे धरून पाहिला. गार थर्मोस्टॅटमधून प्रकाश दिसता कामा नये. इथे झडप आणि बैठक यांच्यामध्ये चंद्रकोरीसारखी, कापलेल्या नखाएवढी फट लख्ख दिसत होती. पुतण्याच्या हातात दिला, तो बराच वेळ फिरवून फिरवून त्या फटीतून पाहत राहिला आणि म्हणाला, "एवढ्याशा फटीने?"

एवढ्याशाच फटीने. झडपेच्या दांडीवर तांबूस-पांढरे क्षार चढले होते आणि एक खपली बैठकीवर अडकली होती. खपली नखाने काढली तरी झडप पुरती मिटेना, दांडीच अडखळत होती. क्षार आले कुठून, याचं उत्तर मला द्यावंच लागेल: पूर्वी पातळी कमी दिसली की मी नळाचं पाणी टाकायचो. साध्या पाण्यातले क्षार तापून कुठे ना कुठे बसतात.

थर्मोस्टॅटची रचना बघण्यासारखी असते. पितळेच्या छोट्या डबीत मेण भरलेलं असतं. मेण ठरावीक तापमानाला वितळतं, वितळताना फुगतं, आणि त्या जोरावर झडप उघडते. गार झालं की स्प्रिंग ती मिटवते. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी ही मेणाची युक्ती आणली. आधीच्या, द्रव भरलेल्या भात्याच्या थर्मोस्टॅटवर पाण्याच्या दाबाचा परिणाम व्हायचा, मेणाला दाबाने फारसा फरक पडत नाही. ना वीज, ना तार. डबीला चीर जाऊन मेण गळालं तर स्प्रिंगच्या जोरावर झडप मिटलेलीच राहते आणि इंजिन तापतं. आमच्यासारखे क्षार आडवे आले तर ती उघडी राहते.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तपासला. त्यावर ८८ हा आकडा कोरलेला होता. मिटलेल्या झडपेत दोऱ्याचं टोक पकडवून तो पाण्याच्या भांड्यात टांगला, बुडाला टेकणार नाही असा, शेजारी थर्मामीटर. ८७-८८ च्या दरम्यान झडपेने दोरा सोडला आणि थर्मोस्टॅट टुपकन खाली पडला. पाणी उकळेपर्यंत झडप चांगली ८ मिलिमीटर उघडली होती. जुना टांगायचा प्रयत्न केला तर त्याला दोरा धरताच येईना. (हे भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही.)

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती फार ठिकाणी ऐकू येते: थर्मोस्टॅट काढूनच टाका, गाडी कधी तापणार नाही. कृपा करून असं करू नका. काढलेल्या थर्मोस्टॅटची गाडी म्हणजे आमच्या गाडीचंच दुखणं, आणखी वाढलेलं. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटची दुसरी चकती गरम झाल्यावर बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून इंजिनात परत जाणारी, वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर ती वाट उघडी राहते, काही कूलंट रेडिएटरला न जाता परत फिरतं, आणि भाराखाली इंजिन उलट तापू शकतं.

इंजिनाच्या उघड्या तोंडात चिंधी खोचून बैठकीवरचं जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढलं. लोखंडी पात्याने ॲल्युमिनियमवर ओरखडा उठला की तिथून कायमची गळती. मग नवा थर्मोस्टॅट ठेवला: स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, हवा सोडणारी छोटी पिन वरच्या अंगाला. उलटा बसवला तर मेणाची डबी गरम पाण्यात राहतच नाही आणि झडप वेळेवर उघडत नाही.

आणि इथेच माझी चूक झाली. झाकण टेकवताना थर्मोस्टॅट खाचेतून किंचित घसरला होता. बोल्ट हाताने लावून पाना फिरवायला घेतला तेव्हा झाकणाखाली एका बाजूला फट जास्त दिसली. तसंच आवळलं असतं तर झाकणाचा कान तुटला असता. उघडलं, थर्मोस्टॅट पुन्हा खाचेत बसवला, रबरी कडेला ग्रीसचा पातळ हात देऊन चिकटवला, आणि झाकण सरळ ठेवलं. चारही बाजूंनी सारखी फट दिसल्यावरच दोन्ही बोल्ट आलटून-पालटून १० न्यूटन-मीटरला आवळले.

७०० मिलिलिटर

गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं मिसळलं. हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, आणि रेडिएटरच्या झाकणाने एक बारच्या आसपास दाब धरला की १२९ च्या सुमाराला उकळतं. कूलंटच्या रंगावरून प्रकार ठरवू नका. एकाच रंगात वेगवेगळी रसायनं मिळतात.

काढलं होतं ३.१ लिटर. भरताना २.४ वर रेडिएटर तोंडापर्यंत आला. इंजिन चालू झाल्यावर बाकीचं ओढून घेईल असं समजून मी झाकण लावलं. ते चुकलं. स्कॅनरवर तापमान ९० झालं, ९७ झालं, १०४ झालं. हीटर पूर्ण गरमवर होता आणि त्यातून गार हवा येत होती. इंजिन तापलेलं आणि हीटर गार, म्हणजे आत हवा अडकली आहे. इंजिन ताबडतोब बंद केलं.

पुढचा दीड तास काहीच केलं नाही. त्या क्षणी झाकण उघडायचा मोह होतो, पण दाबाखाली असलेलं ते कूलंट दाब सुटताच वाफ होऊन उसळतं आणि चेहरा-हात भाजतो. वरचा पाइप हाताला पूर्ण गार आणि मऊ लागल्यावरच जाड कापड ठेवून झाकण फिरवलं. मग पुढची चाकं उतरत्या फळ्यांवर चढवली, मागच्या चाकांना ठोकळे लावले, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच झालं. झाकण उघडं ठेवून, वरचा पाइप हाताने दाबत-सोडत राहिलो. तीन-चार वेळा 'गुडगुड' आवाज आला आणि पातळी झपकन खाली गेली. पुन्हा भरलं. इंजिन चालू केलं, हीटरमधून गरम हवा यायला लागली, पातळी आणखी उतरली. शेवटी हिशेब केला तेव्हा एकूण ३.१ लिटरच आत गेलं होतं.

काय बदललं

तेल आणि फिल्टर त्याच दिवशी बदलले, कोड पुसले. आता इंजिन सात-आठ मिनिटांत ८० पार करतं आणि रस्त्यावर ८८ ते ९२ मध्ये राहतं. वेग घेतला तरी उतरत नाही. सकाळची थरथर गेली. झाकणाखालचा पांढरा थर पुन्हा धरला नाही. पेट्रोल तीन टाक्या मोजून पाहिलं, लिटरमागे साधारण एक किलोमीटर वाढला.

दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या, मग गुण कुणाचा, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर गेल्या वर्षीच मिळालेलं होतं: तेव्हा फक्त प्लग बदलले होते, थर्मोस्टॅट तसाच होता, आणि अडीच महिन्यांत काजळी परत आली. पण उत्तर पक्कं करायला या खेपेला ३,००० किलोमीटर झाल्यावर मी तिसरा प्लग पुन्हा काढला. इंजिन गार, हवा, पाव फेरा, पुन्हा हवा. चिनीमातीचं नाक फिक्या मातकट रंगाचं, कोरडं, काजळीचा डाग नाही. पुतण्याने मल्टिमीटर लावला. आकडा उमटला नाही.

प्लग परत बसवताना अर्धा फेरा द्यायचा नाही, कारण वॉशर आधीच दबलेला असतो. हाताने पूर्ण बसवला आणि फेऱ्याचा बारावा भाग तेवढा आवळला. जाता जाता चौथी विहीर उघडून पाहिली. तळाशी तेल पुन्हा उतरलेलं होतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणून ठेवलंय, येत्या सुट्टीच्या दिवशी ते बसवायचं.